रुंद चाकांची अक्षय्य तृतीया

रविवार, ३ एप्रिल १९६०

ह्यांच्या ऑफिसातून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. तीन महिन्यांची पाने गेली ती गेलीच, उरलेली तरी फुकट जाऊ नयेत म्हणून आज लिहायला घेतली. शिवाय दिवसही तसाच आहे. फणसवाडीत आमच्या दाराशी मोटार आली.

ह्यांचे साहेब कायमचे विलायतेला चालले. जाताना कुणाला भिंतीवरचे घड्याळ दिले, कुणाला टेबलावरचा दिवा. ह्यांना आपली जुनी शर्यतीची मोटार दिली. कितीतरी वर्षे ती शिवडीच्या एका गोदामात ताडपत्रीखाली झोपून होती. हे म्हणतात, साहेबांनी फार मनापासून दिली. मला वाटते, तिला गिऱ्हाईक मिळाले नसावे.

रंग गर्द हिरवा. टप नाही. माणसे दोनच बसतात आणि तीही इतकी जमिनीलगत की वरून बघणाराला वाटावे, रस्त्यावर पाट मांडून बसली आहेत. मी विचारले, भाजीची पिशवी कुठे ठेवायची. हे म्हणाले, अगं, ही शर्यतीची गाडी आहे. शर्यतीला जाणाऱ्यांच्या घरी भाजी करत नाहीत का, असे मी म्हटले तर हे हसले. चांगले मोठ्याने हसले. ह्या घरात तसे हसणे होऊन बरेच दिवस झाले होते.

मोटारीला ओवाळले, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवले. लिंबू आधी पिळून घेतले होते. चिरडायला साल पुरते, आणि रसाचे सरबत जमलेल्या पोरांना झाले. देवाला काटकसर कळते.

पोरे सगळी आली. मोठी माणसे मात्र ओट्यावरून उठली नाहीत. त्याचे कारण जुने आहे. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगावात दंगल पेटली, गोळीबार झाला, वाडीतली माणसे जखमींना उचलून आत आणत होती, तेव्हा ह्यांनी आमची रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. साहेबाची नोकरी, त्यातून आम्ही प्रभू, मुंबईचे जुने रहिवासी. मुंबई कुणाची ह्या भांडणात आमच्यातले पुष्कळ लोक धड इकडे नव्हते, धड तिकडे नव्हते. तेव्हापासून वाडीत ह्यांना 'खिडकीवाले' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पण हे रोज त्या ओट्यावरून मान खाली घालून जातात. मोटार चालवताना मान खाली घालता येत नाही, रस्ता दिसत नाही. तेवढा तरी तिचा उपयोग.

बुधवार, ६ एप्रिल

मोटारीचे टायर माझ्या टाचांपेक्षा जास्त भेगाळलेले निघाले. हे चोर बाजारातून चार चाके टायरांसकट घेऊन आले. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची, चांगली रुंद. स्वस्त पडली म्हणून मीही काही बोलले नाही. बसवून गाडी सुरू केली तर आतून पाट्यावर वरवंटा फिरवावा तशी खरखर. रुंद चाक आतल्या बाजूने स्प्रिंगेला घासते आहे. हे रस्त्यावर आडवे पडून बराच वेळ बघत होते. उठून म्हणाले, चाक बोटभर बाहेर सरकले तर काम होईल. मी म्हटले, मग सरकवा. म्हणाले, ते इतके सोपे नसते.

शनिवार, ९ एप्रिल

सोपे होते. हे लोहार चाळीतून मूठभर वायसर घेऊन आले. चाक ज्या पाच बोल्टांवर बसते त्या प्रत्येकात तीन-तीन वायसर ओवले, त्यावर चाक चढवले, वरून नट लावला. चाक बोटभर बाहेर आले. खरखर बंद. मूठभर वायसरांत काम झाले म्हणून मला फार समाधान वाटले आणि मी ह्यांचे कौतुक केले.

संध्याकाळी ह्यांनी मला चौपाटीपर्यंत फिरवून आणले. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन तोंडात धरला होता, त्यामुळे रामरक्षा मनातल्या मनात म्हणावी लागली. एका भेळवाल्याने आम्हाला सलाम केला. कुणीतरी मोठी माणसे समजला असावा. मी मानेने घेतला.

रविवार, १० एप्रिल

माझा धाकटा भाऊ चिंतामणी जेवायला आला होता. तो माझगावला राहतो आणि गोदीच्या वर्कशॉपात आहे. डिप्लोमा झालेला आहे. दिवसभर घणांच्या आवाजात बोलायची सवय, म्हणून घरातही समोरच्या बोटीला हाक मारल्यासारखा बोलतो. जेवणाआधी मोटार बघून येतो म्हणून खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या चिमटीत एक नट होता. तो त्याने ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला, लोणच्याच्या जागी.

"भाऊजी, हा मी दोन बोटांनी काढला. पान्हा लागला नाही. ह्याला दोन आटे धरले होते. माझ्या बहिणीला तुम्ही दोन आट्यांवर चौपाटीला नेलीत."

मग बोंबील निवेपर्यंत बोलत राहिला. मला समजले ते असे. बोल्टाची लांबी चाकापुरतीच असते. मध्ये वायसर भरले की नटाला धरायला बोल्ट उरत नाही. बोल्ट जितका जाड, निदान तितका तरी नट त्यावर चढलाच पाहिजे. शिवाय वायसरांवर चाक नुसते पाच ठिकाणी टेकते. ते सबंध अंगाने टेकले पाहिजे, सगळीकडून सारखे. मोठे पातेले तीन दगडांच्या चुलीवर कलते तसे चालायचे नाही. म्हणून प्रत्येक चाकामागे एकच सपाट, गोल, सारख्या जाडीची लोखंडी चकती हवी. तिला स्पेसर म्हणतात. आणि तिच्यासाठी लांब बोल्टही हवेत.

मी म्हटले, वनस्पती तुपाच्या डब्यांची झाकणे आहेत माझ्याकडे, चारही सारखी. चिंतामणीने कपाळाला हात लावला. ह्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. मला म्हणाले, मी तुला त्या गाडीत बसवायला नको होते. मी म्हटले, अहो, रामरक्षा होती ना.

शनिवार, १६ एप्रिल

आज नाना आमच्याकडे आले. नाना म्हणजे वाडीच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. छप्पन सालानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. अंगाने एवढे आहेत की आमच्या खुर्चीने करकरून त्यांना ओळख दिली.

एक मेला महाराष्ट्र होतो आहे. वाडीची मिरवणूक निघायची आहे आणि ट्रक कुठे मिळत नाही, सगळे आधीच ठरलेले. तर शिवछत्रपतींची तसबीर घेऊन नानांनी आमच्या मोटारीत बसावे आणि मोटार सगळ्यांच्या पुढे असावी, असे पोरांनी सुचवले आहे. नाना हे छताकडे बघून बोलले. ह्यांनी उठून नानांना हात जोडले, तेही हातातल्या बशीसकट. मी ती काढून घेतली, जुन्या सेटातली एकच उरली आहे.

मग सगळे खाली गेले. नाना मोटारीत बसून बघतो म्हणाले. बसले मात्र, गाडी त्यांच्या बाजूने होडीसारखी खाली गेली. ह्यांनी चार हात पुढे नेली तर खरखर अशी की लोक गॅलरीत आले. हे म्हणाले, वायसर काढून टाकलेत, चिंतामणी स्पेसर करून देतो आहे, ते बसले की आवाज जाईल.

वरून कौसल्याबाई बोलल्या. त्यांचा भाचा शिवा छप्पन साली वाडीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर गोळी लागून गेला. अठरा वर्षांचा होता. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"नाना, ज्यांनी तेव्हा दार-खिडकी लावली, त्यांच्या गाडीतून मिरवत तुम्ही शिवाच्या कोपऱ्यावरून जाणार काय?"

नाना गाडीतून उठायला बघत होते, पण तेही लवकर जमेना. जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, श्यामराव, मी समितीला शब्द दिलाय. गाडी नीट चालली तर सगळ्यांची तोंडे बंद होतील. मध्येच काही झाले तर मग मला तुमच्या बाजूने बोलता येणार नाही, आणि तुम्हाला ह्या वाडीत राहायचे आहे.

हे रात्री जेवले नाहीत. पोळ्या सकाळी फोडणीला टाकीन.

शुक्रवार, २२ एप्रिल

चिंतामणी ऑफिस सुटल्यावर ह्यांना घेऊनच आला. चार चकत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. माझगावात त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात लेथवर स्वतः उभे राहून काढून घेतल्या. मध्ये मोठे भोक, भोवती पाच लहान, अगदी थालीपिठासारख्या. पण थालीपीठ काय सपाट असेल. आरशासारख्या चकचकीत. माझे नाक त्यात दिसले. हा खर्च घरखर्चात बसेना, म्हणून देवकार्य ह्या खाती लिहिला. मिरवणूक देवकार्यच आहे.

चिंतामणीने ह्यांना पुन्हा पुन्हा बजावले. चकती जिथे टेकते ती जागा रॉकेलने आणि पॉलिश कागदाने घासून कोरडी करायची. गंज नको, रंगाचा पोपडा नको, तेल नको. नट आधी हाताने फिरवायचे, मग पान्ह्याने समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाही, म्हणजे चाक एका अंगाला ओढले जात नाही. थोडे चालवून आणून पुन्हा आवळायचे. आणि मुख्य म्हणजे चकती आणि गाडी ह्यांच्या मध्ये काहीही येता कामा नये. "सिगारेटचा कागदसुद्धा नको," म्हणाला. आमच्याकडे कुणी सिगारेट ओढत नाही, तेव्हा ती काळजी नव्हती.

रविवारीच बसवू म्हणत होता. मी स्पष्ट नाही म्हटले. पुढे अमावास्या येते आहे. गुरुवारी अक्षय्य तृतीया. त्या दिवशी केलेल्याला क्षय नाही. सोने लोक त्याच दिवशी घेतात, ते काय वेडे आहेत? चिंतामणी म्हणाला, ताई, नटाला तिथी कळत नाही. हे म्हणाले, गुरुवारच राहू दे रे.

गुरुवार, २८ एप्रिल, अक्षय्य तृतीया

काम झाले. अगदी मनासारखे.

दोघांनी रजा टाकली होती. सकाळी गाडी एकेका बाजूने जॅकवर घेतली, बाकीच्या चाकांना दगड लावले. चिंतामणीने जुने बोल्ट काढून लांब बोल्ट बसवले, जागा घासून घासून उजळ केल्या. तोवर चकत्या माझ्याकडे देवापुढे तबकात होत्या. चिंतामणी म्हणाला होता, पूजा हवी तेवढी कर, पण देताना पुसून दे. मी हळदकुंकू वाहिले, आणि देताना स्वच्छ पुसून दिल्या. शब्द मोडला नाही.

मध्यंतरी जेवणे झाली. वर्षाचा पहिला आमरस. चिंतामणीने तो इतका घेतला की हात धुऊन तो थेट बाहेरच्या खोलीत पलंगावर गेला, आणि डोळे मिटून तिथूनच ओरडत राहिला, भाऊजी, समोरासमोरचे आवळा. खाली चाकापाशी आम्ही दोघेच.

ती घासलेली जागा मी पाहिली आणि मला कसेसेच वाटले. एवढी उजळ, कोरडी, आणि त्यावर काही म्हणजे काही नाही. सणाच्या दिवशी सवाष्णीचे कपाळ मोकळे दिसावे तशी. चकत्या पुसायच्या ठरल्या होत्या, ह्या जागेविषयी कुणी बोलले नव्हते. मी चारही ठिकाणी कुंकवाचे बोट लावले, तुपाचा थेंब ठेवला आणि वर चिमूट चिमूट अक्षता. अखंड तांदूळ, एकेक निवडलेला. तुपाने छान चिकटल्या. चिंतामणी म्हणाला होता, मध्ये काहीही नको. पण अक्षता म्हणजे 'काहीही' नव्हे.

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. वर खिडकीकडे पाहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडले. मी म्हटले, "अहो, आजचा दिवस." तेव्हा तोंड मिटून त्यांनी चकती चढवली, चाक लावले, नट आवळले. चारही चाकांना तसेच. आता देव चाकाच्या आत आहे. बाहेरून लावलेले लिंबू पहिल्या वळणाला पडते, हे कुठे पडणार नाही.

शुक्रवार, २९ एप्रिल

काय बोलावे.

हे आणि चिंतामणी ऑफिस सुटल्यावर गाडी चालवून बघायला म्हणून लालबाग-परळकडून दादरला निघाले. दादरला पोचलेच नाहीत. लालबागेत सुकाणूचक्र ह्यांच्या हातात ताक घुसळल्यासारखे हलायला लागले. थांबवून बघतात तो चारही चाकांचे नट सैल. चिंतामणीने भर रस्त्यात ह्यांना बोलून घेतले, आणि त्याचा आवाज म्हणजे, अर्ध्या लालबागेला स्पेसरची माहिती झाली असेल. नट पुन्हा आवळून, बैलगाडीच्या चालीने दोघे परत आले.

घरी आल्यावर चिंतामणी बोटांवर मोजत होता. बोल्ट बरोबर. आटे बरोबर. चकती केसाइतकी कमीजास्त नाही. जागा मी स्वतः घासली. मग सपाटाला सपाट लागल्यावर नट सैल होतोच कसा? मध्ये काही दबणारे असल्याशिवाय होत नाही.

हे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "माझंच चुकलं. मी नीट आवळले नाहीत."

मीही ह्यांना बोलले. म्हटले, एवढा चांगला दिवस बघून दिला, सगळे करून दिले, तुमच्याकडे फक्त आवळणे होते. हे हो म्हणाले. चिंतामणी म्हणाला, मी आत्ता नानांना सांगून येतो, गाडी येणार नाही. चाक निघाले तर भोवती लेझीमची पोरे आहेत. ह्यांनी त्याचा हात धरला. ह्यांना असे कुणाचा हात धरताना मी पाहिले नव्हते.

"उद्याचा एक दिवस दे, चिंतामणी. उद्या मी पुन्हा बसवतो. तू स्वतः चालवून बघ. नट जरा जरी फिरला तर मीच नानांना नाही म्हणून येतो."

तो बरे म्हणाला.

मला वाटते ही कौसल्याबाईंची नजर आहे. गुरुवारी गॅलरीतून बघत होत्या.

रात्री हे मला विचारत होते, मुंबादेवीला बऱ्याच दिवसांत गेली नाहीस ना?

शनिवार, ३० एप्रिल

संकटात माणूस देवाकडे वळतो ते खोटे नाही. सकाळी ह्यांनीच मला हलवून उठवले आणि म्हणाले, आज मुंबादेवीला जाऊन ओटी भरून ये. तिथून महालक्ष्मीला जा. ट्रामचे पैसे स्वतः काढून दिले. एवढ्या लांब कशाला, वाडीतला बालाजी जवळ आहे, असे मी म्हटले तर म्हणाले, जवळच्या देवाचे काय, तो कधीही भेटतो. आणि घाईने येऊ नको, नीट बसून जप कर. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून जप हा शब्द मी आज ऐकला.

निघताना म्हटले, मग चाके बसवण्याआधी थोड्या नव्या अक्षता ठेवून जाते. हे एकदम म्हणाले, "गुरुवारच्या अक्षय्य आहेत ना? मग पुन्हा कशाला?" मला इतके बरे वाटले. माझे मी बोललेले कुणी एवढे लक्षात ठेवत नाही.

दोन्हीकडे जाऊन, जप करून आले तो चाके बसवून झालेली. रॉकेलचा वास. जिन्यापाशी वर्तमानपत्रावर तारेचा ब्रश, आणि त्याला तांबूस चिकट लगदा, पीठ तिंबल्यासारखा. हे काय म्हणून विचारले तर हे म्हणाले, गंज. मोटारीचा गंज इतका मऊ असतो ते मला ठाऊक नव्हते. ह्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांनाही तेच. तुपाचे डाग असावेत तसे दिसत होते, साबणाने निघाले नाहीत, शिकेकाईने निघाले.

चिंतामणी अर्ध्या सुट्टीनंतर आला. स्वतः चालवत दादरला जाऊन आला, वाटेत उतरून पान्हा लावून बघितला. एकही नट फिरला नाही. सुकाणूचक्र एका बोटाने धरता येते म्हणाला. ह्यांना विचारत होता, परवा काय केलेत आणि आज काय केलेत? हे म्हणाले, आज शांतपणे केले.

तरी जाताना त्याने बजावलेच. उद्या गर्दीत ती गाडी तापेल, थांबत-सुटत चालेल, नाना बसणार. गिरगाव चर्चपाशी मिरवणूक वळते, तिथे एकदा थांबून चारही चाकांचे नट बघायचे. कुणी काही म्हणो. पान्हा सीटखाली ठेवला आहे.

मी मात्र समजले. अक्षता आत होत्या म्हणूनच काल लालबागेत चाक निखळले नाही.

सोमवार, २ मे

काल लिहायला सवड झाली नाही.

मिरवणूक सकाळी निघाली. मोटारीला झेंडूचे तोरण, पुढे ब्यांड, त्यापुढे लेझीम. नाना तसबीर मांडीवर घेऊन बसले. गाडी खाली गेली, पण चाक घासले नाही. हे पांढरे कपडे घालून सुकाणूपाशी, समोर बघत. मागे आम्ही बायका, माझ्या शेजारी नेमक्या कौसल्याबाई आल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

वाडीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर, मोटार थांबली.

चर्च अजून कुठच्या कुठे होते. चिंतामणीने चर्चपाशी सांगितले होते आणि हे आधीच थांबले, गोंधळले असतील. मागून कुणीतरी हसले, बंद पडली वाटते खिडकीवाल्यांची, असेही बोलले. हे खाली उतरले. सीटखालचा पान्हा काढला, तो पंच्यात गुंडाळलेला होता, त्यामुळे काय आहे ते लोकांना दिसले नाही. पुढच्या चाकापाशी गेले आणि रस्त्यावर गुडघे टेकून बसले.

ब्यांडवाले वाजवतच होते. नानांनी विचारले, काय झाले हो? हे उठून मागच्या चाकापाशी गेले, पुन्हा गुडघे टेकले, मान खाली. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणाले, अरे, शिवा इथेच पडला होता.

ते शब्द मागे मागे जात गेले. लेझीम थांबले. ब्यांडमधला मोठा ढोल थांबला, मग बाकीचे. लोकांनी टोप्या काढल्या. हे वळसा घालून पलीकडच्या मागच्या चाकापाशी गेले, तिथेही बसले. नाना तसबीर छातीशी धरून गाडीतच उभे राहिले, गाडी केवढी कलली, पण चाके जागची हलली नाहीत. शेवटच्या चाकापाशी हे गुडघे टेकून बसले ते उठेचनात. एवढा मोठा गिरगाव रस्ता, आणि पानवाल्याच्या दुकानातला सुपारी कातरल्याचा आवाज ऐकू येत होता, मग तोही थांबला.

कौसल्याबाईंनी माझे मनगट धरले. इतके घट्ट की काकण रुतले.

मग हे उठले, पान्हा गुंडाळला, बसले. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. नानांनी घोषणा दिली तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. पुढे चर्चपाशी हे थांबलेच नाहीत.

मी समजले ते असे, की चाकांच्या आत अक्षता आहेत म्हणून ह्यांनी चारही चाकांना नमस्कार केला. देवाची आवड अशी हळूहळू लागते. लोकांनी त्याचा अर्थ काही का घेईनात. संध्याकाळी नानांनी ओट्यावरून हाक मारली, श्यामराव, पान खाऊन जा, आणि हे तिथे दिवे लागेपर्यंत बसले होते. कौसल्याबाई आंबेडाळ घेऊन आल्या. ती त्या बरी करतात, साखर जरा जास्त पडते.

चिंतामणी जेवायला होता. वाटच पाहत होता. पानावर बसल्याबरोबर ह्यांना विचारले, नट बघितलेत ना?

हे म्हणाले, "तीन चाकांचे बघितले. एकही फिरला नव्हता."

"आणि चौथ्याचे?"

"चौथ्याचे नाही बघितले."

मला वाटले आता हा ताटावरून उठतो. दोन आट्यांसाठी ह्याने बोंबील निववले होते. पण तो ह्यांच्याकडे नुसता बघत राहिला आणि मग वाटीतले वरण भातावर ओतून हळूहळू जेवायला लागला. मला दोघांचेही काही कळेना. चौथ्या चाकापाशीच तर हे सगळ्यांत जास्त वेळ बसले होते. नट बघितले नाहीत, तर मग एवढा वेळ तिथे केले काय? आणि तसेच नानांना बसवून सगळा गिरगाव फिरून आले.

येत्या रविवारी येऊन ते चाक स्वतः तपास, असे मी चिंतामणीला बजावून सांगितले आहे. तोवर मी ट्रामनेच जाईन.